अहवाल कपाटात, अफवा गावात



गेल्या महिन्यात नांदगावात आमच्या गटांची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वह्या भरल्या, चहा आला आणि बोलता बोलता विषय निघाला तज्ज्ञ माणसांच्या भांडणाचा. टीव्हीवर एक शास्त्रज्ञ सांगतो अमुक करा, दुसरा सांगतो मुळीच करू नका. एक काकी वैतागून म्हणाल्या, "शिकलेल्यांनी काय ता दार लावन ठरवूचा आणि आमका एकच काय ता सांगूचा. आमच्या डोक्याक ताप कित्याक देतत?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी गेल्यावर काकींचं बोलणं डोक्यातून जाईना, कारण दार लावून ठरवलं की काय होतं ते आपल्या जिल्ह्याने एकदा पाहिलं आहे. आणि त्या वेळी मी स्वतः एक चूक केली होती. आज ती सगळी हकिकत तुम्हाला सांगते.

सुरुवात सह्याद्रीपासून करू. आपण किनाऱ्यावरची माणसं, आपल्याला वाटतं डोंगर लांब आहे. पण मालवणच्या उत्तरेला समुद्राला मिळणारी गड नदी डोंगरातून येते, देवबागजवळची कर्लीही डोंगरातूनच येते. डोंगरात माती सुटली की खाडी गाळाने भरते. खाडी भरली की कालवं, खेकडे, कोळंबी कमी होतात. म्हणजे डोंगरावर काय चाललंय हा मालवणच्या मासेवालीचाही विषय आहे.

आपल्या जिल्ह्याच्या डोंगरात लोहखनिज आहे. दोन हजार सालानंतर सावंतवाडी, दोडामार्ग भागात खाणींचे प्रस्ताव येऊ लागले. दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावात खाण सुरू झाली आणि तिच्याविरुद्ध गावकरी उभे राहिले. लोकांच्या तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्या. मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटासाठी तज्ज्ञांची एक समिती नेमली. जयराम रमेश तेव्हा मंत्री होते. समितीचे अध्यक्ष होते माधव गाडगीळ. मूळचे पुण्याचे, आयुष्यभर जंगलांचा आणि जंगलाकाठच्या माणसांचा अभ्यास केलेले शास्त्रज्ञ. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा वेगळा विचार करण्याचं कामही पुढे याच समितीकडे आलं. ऑगस्ट २०१० मध्ये मंत्रालयाने या दोन जिल्ह्यांत नव्या खाणींच्या परवानग्या तात्पुरत्या थांबवल्या. समिती आपल्या भागात फिरली, लोकांशी बोलली. सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी तर ठराव करून कळवलं की आमचा गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

३१ ऑगस्ट २०११ रोजी समितीने अहवाल मंत्रालयाला दिला. आता तुम्ही म्हणाल, मग तो गावोगाव आला असेल. नाही आला. तो मंत्रालयाच्या कपाटात राहिला. तोपर्यंत मंत्रीही बदलले होते. केरळातल्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात अहवाल मागितला. मंत्रालय म्हणालं, देता येणार नाही. कारणं दोन. एक, अहवाल अजून अंतिम नाही, राज्यांशी बोलणं चालू आहे. दुसरं, तो उघड केला तर देशाच्या शास्त्रीय आणि आर्थिक हिताला बाधा येईल. हे दुसरं कारण माहिती अधिकाराच्या कायद्यातल्या एका कलमातून घेतलेलं. शास्त्रज्ञांनी लिहिलेलं लोकांनी वाचलं तर शास्त्राच्या हिताला धक्का बसतो, असा त्याचा अर्थ झाला.

प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेलं. माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल २०१२ मध्ये अहवाल उघड करण्याचा आदेश दिला. मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. १७ मे २०१२ रोजी न्यायालयाने मंत्रालयाचं म्हणणं फेटाळलं आणि त्याच महिन्यात अहवाल संकेतस्थळावर आला. तोही 'मंत्रालयाने हा अहवाल स्वीकारलेला नाही' अशा सूचनेसह, आणि इंग्रजीत. जवळजवळ नऊ महिने आपल्या डोंगरांविषयीचा, आपल्या पाण्याविषयीचा अहवाल आपल्यालाच वाचायला मिळाला नव्हता. आणि मिळाला तेव्हा आपल्या भाषेत नव्हता.

मैत्रिणींनो, रिकामं घर उंदरांचं, तशी रिकामी जागा अफवांची. अहवाल कोणी वाचलेला नव्हता, पण त्यात काय आहे ते प्रत्येकाला माहीत होतं. घर बांधता येणार नाही. गोठा वाढवता येणार नाही. आंब्याला हात लावता येणार नाही. गावं उठवणार. केरळात इडुक्की, वायनाड भागात तर २०१३ साली मोर्चे निघाले, बंद झाले.

मी तेव्हा नुकतीच बी.ए. होऊन गटांच्या कामाला लागले होते. शिकलेली म्हणून बायका मलाच विचारायच्या. एका वाडीवर एक म्हाताऱ्या आजी मला म्हणाल्या, "काय गो बाय, आता आमच्या झाडांक सुदिक हात लावूक गावाचो नाय म्हणतत, खरा काय?" मी अहवालाचं एक पानही पाहिलेलं नव्हतं. पण 'मला माहीत नाही' म्हणायला जीभ वळली नाही. मी म्हटलं, होय आजी, तसंच आहे म्हणतात.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्या वाडीवर गेले, तर आजींच्या परड्यातले दोन मोठे फणस आडवे. नातवाच्या घराच्या लाकडासाठी राखलेली झाडं. पुढे तोडता यायची नाहीत म्हणून घाईघाईत तोडली आणि घर बांधायला तर अजून वर्षं होती. लाकूड मिळेल त्या भावाने गेलं. आजी मला काही बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं मी बरोबर सांगितलं आणि वेळेवर सांगितलं.

नंतर मी अहवाल मिळवून, शब्दकोश शेजारी घेऊन वाचला. परड्यातला फणस तोडायचा नाही, असं त्यात कुठेही सापडलं नाही. काय होतं ते सांगते. सगळा पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर सुचवले होते. पहिल्या स्तरात नव्या खाणी नकोत, चालू खाणी टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात, मोठी धरणं नकोत, फार प्रदूषण करणारे नवे कारखाने नकोत. शेतजमीन बिगरशेती करू नये, पण तिथे राहणाऱ्या लोकांचं कुटुंब वाढलं आणि घराला जागा लागली तर त्याला सूट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही आखणी कच्ची आहे, ती ग्रामसभांपुढे ठेवावी, लोकांशी बोलून मगच पक्की करावी, असं समितीने स्वतःच म्हटलं होतं.

एक गोष्ट मात्र अशी होती की तिच्यावर आपण खरोखरच कडाडून बोलायला हवं होतं. रासायनिक कीटकनाशकं पहिल्या स्तरात पाच वर्षांत, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात दहा वर्षांत बंद करत आणावीत आणि त्यासाठी शेतकऱ्याला मदत द्यावी, असं त्यात होतं. आता हापूसच्या बागा असलेल्या घरात हा प्रश्न केवढा मोठा! मोहोर आल्यावर तुडतुडा पडला तर फवारणीशिवाय काय करायचं? पाच वर्षं पुरतील का? मदत म्हणजे किती, आणि ती हातात कधी पडणार? दुसऱ्या बाजूने, फवारणीच्या दिवसांत बागेत राबणाऱ्या बायकांच्या डोळ्यांची आग, त्वचेची खाज, मधमाश्या कमी होणं, हेही आपल्यालाच माहीत. या विषयावर बागायतदारीण आणि मजूर बाई दोघींनी ग्रामसभेत बोलायला हवं होतं. पण आम्ही भांडलो ते अहवालात नसलेल्या गोष्टींवर. असलेल्या गोष्टीवर एक शब्द बोललो नाही. दार बंद ठेवल्याने भांडण टळलं नाही, ते भलत्याच गोष्टीवर झालं.

पुढची पायरी आणखी ऐकण्यासारखी आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये सरकारने दुसरा गट नेमला. त्याचे अध्यक्ष के. कस्तुरीरंगन, भारताच्या अंतराळ संस्थेचे माजी प्रमुख. त्यांचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये आला. त्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचे दोन भाग केले. एक माणसांची वस्ती, शेती, बागा असलेला आणि दुसरा नैसर्गिक जंगलाचा. सुमारे ३७ टक्के, म्हणजे साधारण ६० हजार चौरस किलोमीटर भाग संवेदनशील धरावा असं ते म्हणाले. गाडगीळांच्या समितीने नियम तालुक्यांना लावले होते, यांनी गाव हे माप धरलं.

मे २०१३ मध्ये गाडगीळांनी कस्तुरीरंगन यांना उघडं पत्र लिहिलं. उघडं म्हणजे सर्वांना वाचता येईल असं. आर्थिक निर्णयांत स्थानिक लोकांचा हात नसतो असं तुम्ही म्हणता, हे लोकशाहीत बसतं का, असा त्यांचा सवाल होता. देशातले दोन मोठे शास्त्रज्ञ, भर चौकात वाद. आमच्या काकी हेच बघून वैतागल्या असत्या.

पण या वादातून मला काय कळलं बघा. दोघांचं एकमत कुठे आहे ते कळलं. संवेदनशील भागात खाण नको, हे गाडगीळांनी सांगितलं आणि खाण, दगडखाण, वाळूउपसा नको, हे कस्तुरीरंगन यांनीही सांगितलं. अत्यंत प्रदूषणकारी कारखाने दोघांनाही नको होते. मतभेद होता तो किती जमीन धरायची, माप तालुक्याचं की गावाचं, आणि शेवटचा शब्द कोणाचा, यावर. त्यातही तालुका हे माप फार मोठं आहे, एकाच तालुक्यात डोंगरही असतो आणि बाजारपेठही असते, ही शंका रास्त होती. आणि उपग्रहाला झाडं दिसतात, पण देवराई कोणती आणि लावलेला काजू कोणता हे गावातल्या माणसाशिवाय कसं कळणार, ही शंकाही रास्त होती. हे दोघे दार लावून बसले असते तर आपल्या हातात एक नकाशा पडला असता, कोणत्या रेघेवर दोघे ठाम आहेत आणि कोणती रेघ अंदाजाने ओढली आहे ते कधीच कळलं नसतं.

आता काकींच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण त्यांचं म्हणणं खोटं नाही. उघड वादाचा गैरफायदा घेणारे असतात. शास्त्रज्ञ 'बहुतेक' म्हणतो, त्यातला तेवढा शब्द उचलून 'बघा, त्यांनाच खात्री नाही' म्हणणारे असतात. वाद चालू ठेवून निर्णयच होऊ न देणारेही असतात. पश्चिम घाटाच्या बाबतीत २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत केंद्र सरकारने सहा वेळा मसुदा काढला. आणि काही वेळा वादाला सवडच नसते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याकडे येत होतं, तेव्हा होडी वर घ्या म्हटल्यावर घ्यायची, सभा भरवायची नाही. इशारा आला की ऐकायचं. पण वादळ गेल्यावर इशारा वेळेत आला का, सगळ्या वाड्यांना मिळाला का, हे विचारायचं ते चारचौघांतच.

जिथे उघड वाद नीट झाला तिथे काय झालं, त्याचंही उदाहरण आहे आणि तेही केरळातलंच. सायलेंट व्हॅली नावाचं तिथलं दाट जंगल. १९७० च्या दशकात तिथे वीज प्रकल्पासाठी धरण बांधायचं ठरलं. शास्त्रज्ञ दोन्ही बाजूंना होते. विजेची गरज खरी होती, जंगलही खरं होतं. तिथे शिक्षकांची, विज्ञानप्रेमी लोकांची एक संघटना आहे, केरळ शास्त्र साहित्य परिषद. त्यांनी प्रकल्पाचा हिशेब मांडला. वीज किती मिळेल, दुसरीकडून मिळेल का, जंगल गेलं तर काय जाईल, हे त्यांनी मल्याळममध्ये, गावोगाव सांगितलं. काही वर्षं वाद चालला, १९८३ मध्ये प्रकल्प सोडून दिला गेला आणि १९८४ मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच केरळात पुढे तीस वर्षांनी गाडगीळ अहवालावर रान पेटलं. माणसं तीच होती. फरक इतकाच की एकदा कागद लोकांच्या भाषेत आधी आला आणि एकदा अफवा आधी आली.

भाषेचं हे महत्त्व आपल्या मातीतल्या एका माणसाला फार पूर्वी कळलं होतं. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. त्यात एका बाजूला इंग्रजी आणि एका बाजूला मराठी मजकूर असे. पुढे १८४० मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं, त्यात शास्त्रविषयांची माहिती मराठीत येई. म्हणजे जे इंग्रजीत कळतं ते मराठीतही त्याच वेळी कळायला हवं, हा विचार सिंधुदुर्गाला नवा नाही. आणि तरी जवळजवळ १८० वर्षांनी आपल्या डोंगराचा अहवाल आपल्याकडे इंग्रजीत आला.

किनाऱ्यावर हा अनुभव याआधीही आला होता. एप्रिल १९८७ मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. २९ चौरस किलोमीटरपेक्षा थोडं जास्त क्षेत्र, गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा. तिथली प्रवाळं, शैवालं जपण्यासारखीच आहेत, त्यात शंका नाही. पण मच्छीमारांच्या मनात मासेमारी बंद होईल ही भीती बसली ती इतक्या वर्षांत निघाली नाही. याउलट वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. झाडाची मुळं वर का येतात, मासे तिथे पिल्लं का वाढवतात, हे त्या मराठीत समजावून सांगतात. ज्या बाईने शास्त्र स्वतः समजून घेतलं, तिला कांदळवन राखा म्हणून कोणी बाहेरून सांगावं लागत नाही.

आणि ती २५ गावं? सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याचा प्रश्न न्यायालयात गेला. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पट्ट्यातली २५ गावं संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याच्या दिशेने आदेश दिला. त्याआधी जुलै २०२१ मध्ये कळण्याच्या खाणीचा बांध फुटला, चिखलपाणी खाली गावात आणि शेतात घुसलं. गावकऱ्यांनी कितीतरी आधी जी भीती बोलून दाखवली होती, ती खरी ठरली. भीती बोलणारे लोक शास्त्रज्ञ नव्हते, पण पाऊस पडला की त्या उतारावरून पाणी कुठून येतं हे त्यांना ठाऊक होतं. वाद उघडा ठेवायचा तो यासाठीही.

तर मग आपण काय करायचं? प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असा आपल्या राज्यात नियम आहे. ती सभा कागदावर होऊ देऊ नका, खरोखर भरवा. अधिसूचनेचा मसुदा निघाला की हरकती द्यायला बहुधा साठ दिवस असतात, ते सभेत मोजा. अहवालाचा मराठी मजकूर मागा. मिळाला नाही तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि दोन तज्ज्ञ भांडताना दिसले तर टीव्ही बंद करण्याआधी स्वतःला एवढंच विचारा की या दोघांचं जुळतंय कुठे आणि अडतंय कुठे. त्यातलं निम्मं भांडण तिथेच सुटतं.

काकींना मी पुढच्या बैठकीत हेच सांगणार आहे. दार लावून ठरवलेलं आपल्याला एकच ऐकू येईल हे खरं, पण ते एक खरं की खोटं हे पारखायला आपल्याकडे काही उरणार नाही. भांडण ऐकायचा ताप सोसू, कारण न ऐकण्याचा ताप आजींच्या परड्यात मी पाहिला आहे. तिथे दोन बुंधे अजून आहेत. आता कोणी मला काही विचारलं आणि मी ते वाचलेलं नसलं, तर मी सांगते, "माका म्हायत नाय गो, वाचून सांगतंय."